मराठवाड्यातून सागराकडे : मुंबई किनाऱ्यावरील जपान-कोरियाच्या पाऊलखुणा

नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांना समुद्रकिनारा लाभलेला नाही. कंधारच्या विस्तीर्ण तलावाला राष्ट्रकूट काळात 'जगत्तुंग समुद्र' असे नाव मिळाले, तेवढीच काय ती आपल्या भागाची समुद्राशी ओळख, असे पुष्कळांना वाटते. इतिहास मात्र निराळे सांगतो. मराठवाड्याच्या काळ्या मातीत पिकलेला कापूस मुंबईच्या बंदरातून जपानपर्यंत गेला. लातूरशी नाते सांगणाऱ्या राजघराण्याच्या काळात कोकणातील बौद्ध लेण्यांना दाने मिळाली; आणि त्या लेण्यांत जी उपास्य मूर्ती कोरली गेली, तीच मूर्ती पुढे कोरियाच्या व जपानच्या किनाऱ्यांवर पूजली जाऊ लागली. मुंबई आणि तिच्या परिसरात या नात्याच्या खुणा आजही पाहावयास मिळतात. त्यांची ही ओळख, तेथे जाऊ इच्छिणाऱ्या वाचकांसाठी.

लट्टलूरचे स्वामी आणि कृष्णगिरी

राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणजे लट्टलूर नगरीचे अधिपती म्हणवून घेत. हे लट्टलूर म्हणजेच आजचे लातूर, असे बहुतेक अभ्यासक मानतात. कंधार हेही याच घराण्याशी निगडित असलेले नगर. तिसऱ्या कृष्णाच्या काळात ते भरभराटीस आले होते आणि तेथील किल्ला, शिल्पावशेष व तलाव त्या वैभवाची साक्ष देतात.

नवव्या शतकात या घराण्यातील अमोघवर्षाची सत्ता कोकण किनाऱ्यापर्यंत पोहोचलेली होती. उत्तर कोकणाचा कारभार त्याचे मांडलिक असलेले शिलाहार पाहत. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेण्यांत, म्हणजे प्राचीन कृष्णगिरीवर, अमोघवर्षाच्या राजवटीचा उल्लेख करणारे शिलालेख आहेत. ते इसवी सन ८४३, ८५३ आणि ८७७ या वर्षांचे असून त्यांत येथील भिक्षुसंघाला दिलेल्या दानांची नोंद आहे. त्यांतील एक दाता गौड देशाहून म्हणजे बंगालहून आलेला होता. येथे धर्मशाळेची व ग्रंथांची सोय होती आणि दूरदूरचे प्रवासी येत, हेही लेखांवरून कळते. इसवी सन १००९ व १०२१ मध्ये येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी आपली नावे पहलवी लिपीत कोरून ठेवली आहेत. एखाद्या मोठ्या बंदराच्या पाठीशी असलेल्या मठात जी वर्दळ असावी, ती येथे कित्येक शतके होती.

लातूरहून आलेल्या प्रवाशाने या लेखांसमोर क्षणभर थांबावे. आपल्या गावाचे नाव बिरुदात मिरवणाऱ्या राजाची आठवण समुद्राकाठच्या एका डोंगरात अकराशे वर्षांहून अधिक काळ टिकून आहे, ही गोष्ट पाठ्यपुस्तकातील सनावळीपेक्षा कितीतरी अधिक बोलकी आहे.

अकरा मुखांचा अवलोकितेश्वर

कान्हेरीत शंभराहून अधिक लेणी आहेत. घाईच्या पाहुण्याची फेरी बहुधा तिसऱ्या क्रमांकाच्या भव्य चैत्यगृहापाशी संपते. जपान-कोरियाशी असलेले नाते पाहायचे असेल, तर मात्र एक्केचाळिसाव्या लेण्यापर्यंत चढून जावे लागते. तेथे करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर याची उभी मूर्ती आहे आणि तिच्या मूळ मस्तकावर लहान मस्तकांची उतरंड रचलेली आहे. सर्व मिळून मुखे अकरा. जगातील दुःख सर्व दिशांनी पाहता यावे म्हणून ही मुखे, असा त्यामागील भाव. भारतातील लेण्यांमध्ये या स्वरूपाची दुसरी मूर्ती ज्ञात नाही.

भारतात विरळ राहिलेले हे रूप पूर्वेकडे मात्र घरोघरी पोहोचले. अकरा मुखांच्या अवलोकितेश्वराच्या उपासनेचा ग्रंथ ह्युएनत्संगाने सातव्या शतकात चिनी भाषेत आणला. हा तोच प्रवासी, ज्याने महाराष्ट्रातील लोकांचे वर्णन लिहून ठेवले आहे. चीनमधून ही उपासना कोरियात व जपानमध्ये गेली. जपानी लोक या देवतेला 'कान्नोन' म्हणतात. तोक्योजवळील कामाकुरा या किनारी गावात हासे-देरा नावाचे मंदिर आहे. तेथील अकरा मुखांची लाकडी कान्नोन मूर्ती नऊ मीटरांहून उंच असून, ती समुद्रातून वाहत किनाऱ्याला लागली, अशी तिची आख्यायिका सांगितली जाते.

कोरियातील उदाहरण मराठवाड्याच्या वाचकाला अधिक जवळचे वाटेल. कोरियाच्या पूर्व किनाऱ्यानजीक ग्योंगजू हे सिल्ला राज्याच्या राजधानीचे शहर आहे. तेथील डोंगरावर समुद्राकडे तोंड करून 'सोकगुराम' ही बुद्धगुहा उभी आहे. बुद्धमूर्तीच्या नेमके पाठीमागे, भिंतीवर, अकरा मुखांचा अवलोकितेश्वर कोरलेला आहे. या गुहेचे काम इसवी सन ७५१ मध्ये सुरू झाले असे मानतात. त्याच पिढीत इकडे वेरूळचे कैलास लेणे राष्ट्रकूट पहिल्या कृष्णाच्या राजवटीत आकार घेत होते. आपल्याकडच्या कारागिरांनी डोंगर वरून खाली कोरत मंदिर घडवले. कोरियाच्या कारागिरांना त्या कठीण ग्रॅनाइटमध्ये तसे कोरता येईना, म्हणून त्यांनी दगडाचे घडीव तुकडे जुळवून गुहाच बांधून काढली. या कामाचे नाते भारतातील लेण्यांच्या परंपरेशी अनेक कलेतिहासकार जोडतात. सोकगुरामच्या परिसरातच किनाऱ्यालगतच्या एका खडकावर सिल्लाचा राजा मुनमू याची समाधी आहे. मृत्यूनंतर आपण सागरी नाग होऊन जपानी चाच्यांपासून राज्याचे रक्षण करू, अशी त्याची इच्छा होती, असे परंपरा सांगते. जपान आणि कोरिया यांच्यामधील समुद्र धर्म वाहून नेणारा होता, तसाच धास्ती वाहून आणणाराही होता.

सिल्लाचाच एक तरुण भिक्षू, ह्येचो, आठव्या शतकाच्या पूर्वार्धात समुद्रमार्गे भारतात आला. सुमारे ७२३ ते ७२७ या काळात त्याने येथे प्रवास केला आणि दक्षिण भारताच्या राजाचे, त्याच्या हत्तींचे व तेथील मठांचे वर्णन लिहून ठेवले. हे राज्य म्हणजे त्या वेळी महाराष्ट्रावर सत्ता असलेले चालुक्यांचे राज्य असावे, असा अभ्यासकांचा तर्क आहे. परमुलखात घराच्या आठवणीने व्याकूळ होऊन त्याने काही कविताही रचल्या. त्याच्या प्रवासवृत्ताची अपुरी प्रत १९०८ साली चीनमधील तुनह्वांगच्या गुहेत फ्रेंच संशोधक पॉल पेलियो यांना सापडली. ती आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

सोपारा : बंदर गेले, स्तूप राहिला

कान्हेरीच्या दात्यांपैकी अनेक जण कल्याण व सोपारा या बंदरांतील होते. यांपैकी शूर्पारक म्हणजे आजचे नालासोपारा. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील 'बुरूड राजाचा कोट' नावाच्या टेकाडाचे उत्खनन केले, तेव्हा आतून विटांचा स्तूप व अस्थिकरंडक बाहेर आला. त्यासोबत कांस्य बुद्धमूर्ती व सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणे मिळाले. त्याच वर्षी त्यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नवव्या लेखाचा भाग १९५६ मध्ये जवळच्या भुईगावी मिळाला. करंडक व त्यातील वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात, तर शिलालेख छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत.

या बंदरांचा माल घाटावरून येई. लातूरपासून जवळ असलेले, आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाच्या मार्गदर्शिकेत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेली पेठ म्हणून तगरचा उल्लेख येतो आणि तेथून मोठ्या प्रमाणावर कापड बंदरावर जाई, असेही सांगितले आहे. म्हणजे मराठवाड्याच्या कापसाचा समुद्राशी असलेला संबंध दोन हजार वर्षांचा आहे. त्याचा आधुनिक अध्याय जपानने लिहिला.

कापसाची वाट : गंजगोलाईपासून ओसाकापर्यंत

विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड-हैदराबाद मार्ग सुरू झाला आणि नांदेड लोहमार्गावर आले. हा मीटरगेज मार्ग होता. मनमाडला गाठी उतरवून मोठ्या रुळांच्या गाडीत चढवाव्या लागत. लातूरचा माल बार्शी लाईट रेल्वेच्या अरुंद रुळांवरून कुर्डुवाडीला येई. ही छोटी गाडी १८९७ मध्ये बार्शीपर्यंत आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचली. वाटेत ती तेरजवळून जात असे. तगरचे कापड ज्या दिशेने बैलांच्या पाठीवरून गेले, त्याच दिशेने आता कापसाच्या गाठी जाऊ लागल्या.

मुंबईच्या बाजारात वऱ्हाड, खानदेश व निजाम राज्य येथील आखूड धाग्याचा कापूस 'ऊमरा' या नावाने ओळखला जाई. हे नाव उमरावती म्हणजे अमरावतीवरून पडले. इंग्लंडच्या गिरण्यांना हा आखूड धागा फारसा पसंत नव्हता. ओसाकाच्या नव्या गिरण्यांनी मात्र निरनिराळे कापूस मिसळण्याचे तंत्र साधले आणि त्या या मालाच्या मोठ्या गिऱ्हाईक बनल्या.

या व्यापारात अडचण होती ती जहाजभाड्याची. मुंबई ते पूर्व आशिया या मार्गावर पी. अँड ओ. व अन्य युरोपीय कंपन्यांची मक्तेदारी होती. जमशेटजी टाटा १८९३ मध्ये जपानला गेले आणि निप्पॉन युसेन काइशा या जपानी कंपनीशी त्यांनी हातमिळवणी केली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात 'हिरोशिमा मारू' हे जहाज कोबेहून मुंबईकडे निघाले. जपानची ही पहिली दूर पल्ल्याची नियमित जहाजसेवा होय. जुन्या कंपन्यांनी भाडे इतके उतरवले की टाटांना आपली जहाजे थोड्याच काळात बंद करावी लागली. जपानी कंपनीच्या पाठीशी मात्र तिचे सरकार व गिरणीमालक उभे राहिले, त्यामुळे ती टिकली. १८९४ मध्ये मुंबईत जपानचा वाणिज्य दूतावास उघडला आणि जपानी बँका, सूत-व्यापारी, कारकून यांची एक वसाहतच शहरात तयार झाली.

हे संबंध नेहमीच सुखाचे राहिले नाहीत. स्वस्त जपानी कापडाने येथील बाजार भरून गेल्यावर १९३३ मध्ये सरकारने ब्रिटनबाहेरील कापडावरील जकात ७५ टक्क्यांपर्यंत नेली. उत्तरादाखल जपानी गिरण्यांनी भारतीय कापसावर बहिष्कार घातला. गिरणगावाला संरक्षण मिळाले, पण शेतकऱ्याचे गिऱ्हाईक गेले. अखेर १९३४ चा करार झाला आणि त्यात दोन्ही गोष्टी एकमेकींना जखडल्या गेल्या. जपानने वर्षाला दहा लाख गाठी कापूस घेतला तर ३२ कोटी ५० लाख वार कापड त्याला येथे विकता येई. पंधरा लाख गाठींवर ही मर्यादा ४० कोटी वारांपर्यंत वाढे. ऊमरा पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात पडणारा भाव सिमला आणि ओसाका येथील बैठकांत कसा ठरत होता, हे यावरून कळते. १९४१ मध्ये व्यापार थांबला आणि आखूड धाग्याचा भाव कोसळला. तेव्हा सरकारला खरेदीत उतरावे लागले. कापसाच्या भावासाठी आजही दूरच्या बाजारांकडे डोळे लावून बसणाऱ्या मराठवाड्याला ही कथा जुनी वाटणार नाही.

या इतिहासाची पाहण्यासारखी जागा म्हणजे हार्बर मार्गावरील कॉटन ग्रीन. कुलाब्याचा कापूसबाजार अपुरा पडू लागल्यावर विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तो शिवडीच्या या भागात आला. कापूस विनिमय केंद्राची भव्य इमारत व गोदामांच्या रांगा अजून दिसतात. गाठींचे ढीग मात्र केव्हाच नाहीसे झाले. जवळच १६८० च्या सुमारास बांधलेला शिवडीचा किल्ला आहे. हिवाळ्यात त्याच्या पायथ्याच्या खाडीत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात.

वरळी : नगारा आणि शांत दगड

वरळी नाक्याजवळ डॉ. ॲनी बेझंट मार्गावर निप्पोनझान म्योहोजी हे जपानी बौद्ध मंदिर आहे. सकाळ-संध्याकाळ येथे नगारा वाजतो आणि 'ना मु म्यो हो रेन गे क्यो' हा मंत्र घुमतो. 'सद्धर्मपुंडरीक सूत्राला वंदन' असा त्याचा आशय. ते सूत्र मूळचे भारतातील. त्याच्या नामजपाचा पंथ तेराव्या शतकात निचिरेन यांनी जपानमध्ये स्थापिला. कामाकुरा हेच त्यांच्या प्रचाराचे प्रमुख क्षेत्र होते.

या पंथातील भिक्षू निचिदात्सु फुजी १९३१ मध्ये भारतात आले. धर्म ज्या भूमीतून आला, त्या भूमीला तो परत करावा, अशी त्यांची धारणा होती. १९३३ मध्ये वर्ध्याला त्यांची व महात्मा गांधींची भेट झाली. त्यांच्या शिष्यांच्या सहवासातून हा मंत्र गांधीजींच्या आश्रमातील प्रार्थनेत आला आणि तेथे कायम राहिला. सेवाग्रामला राहणाऱ्या जपानी भिक्षूला डिसेंबर १९४१ मध्ये, जपान युद्धात उतरताच, पोलिसांनी नेले. पुढे जुलै १९४२ मध्ये गांधीजींनी जपानी जनतेला उद्देशून खुले पत्र लिहिले, चीनवरील आक्रमणाचा त्यात स्पष्ट निषेध केला आणि या भिक्षूची आठवणही आदराने नोंदवली. वरळीचे आजचे मंदिर युद्धानंतर, १९५६ मध्ये, बिर्ला कुटुंबाच्या साहाय्याने पूर्ण झाले. वर्ध्याचा विश्वशांती स्तूप १९९३ मध्ये उभा राहिला.

या मंदिराशी निगडित असलेली, परंतु फार थोड्यांना ठाऊक असलेली जागा म्हणजे वरळीची जपानी दफनभूमी. डॉ. ई. मोझेस मार्गाच्या परिसरातील या छोट्याशा जागेत मुंबईत मरण पावलेल्या जपानी खलाशांच्या, व्यापाऱ्यांच्या आणि स्त्रियांच्या स्मृतिशिला आहेत. यांतील स्त्रियांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून क्यूशू बेटावरील आमाकुसा व शिमाबारा या दरिद्री किनारी भागांतून अनेक मुली आशियाभरच्या बंदरांत देहविक्रयासाठी नेल्या गेल्या. जपानीत त्यांना 'कारायुकी-सान' म्हणत. त्यांतील काही मुंबईच्या कामाठीपुऱ्यात पोहोचल्या. १९२० च्या दशकात जपान सरकारने परदेशातील हा व्यवसाय बंद करण्याचे पाऊल उचलले. तोवर कित्येकींचे आयुष्य संपून गेले होते. ज्या जहाजमार्गांनी कापसाच्या गाठी गेल्या, त्याच मार्गांनी या मुली आल्या. व्यापाराच्या इतिहासात पहिल्या नोंदीला जागा मिळते, दुसरीला मिळत नाही. दफनभूमी ही प्रेक्षणीय जागा नव्हे. संबंधितांची परवानगी घेऊन, शांतपणे व छायाचित्रांचा सोस टाळून तेथे जावे.

युद्धकाळाची आणखी एक खूण भायखळ्याच्या अग्निशमन दल मुख्यालयात आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत स्फोटके, कापूस आणि सोने वाहणाऱ्या 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाला आग लागून दोन प्रचंड स्फोट झाले. जपानने हल्ला केला, अशी समजूत त्या दिवशी शहरात पसरली. तसे काही नव्हते. आग कापसात लागली होती. येथे युद्धकालीन सेन्सॉरशिपमुळे बातमी दाबली जात असताना जपानच्या ताब्यातील सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी तिचा तपशील जगाला ऐकवला. त्या आगीत ६६ अग्निशामक जवानांना वीरमरण आले. त्यांचे स्मारक भायखळ्याला आहे. १४ एप्रिलपासून देशभर पाळला जाणारा अग्निशमन सेवा सप्ताह याच घटनेची आठवण होय.

समुद्रापलीकडच्या खुणा

नोकरी-शिक्षणानिमित्त आपल्या भागातील अनेक तरुण आज जपान व कोरियात जातात. त्यांना भेटायला जाणाऱ्या पालकांनी तेथील काही किनारी जागा अवश्य पाहाव्यात.

योकोहामाच्या यामाशिता उद्यानात, अगदी समुद्रालगत, एक घुमटदार 'भारतीय जलस्तंभ' आहे. १ सप्टेंबर १९२३ च्या महाभूकंपात तोक्यो-योकोहामा परिसरात लाखाहून अधिक माणसे मेली. योकोहामात रेशमाचा व्यापार करणारे भारतीयही त्यांत होते. वाचलेल्यांना स्थानिक लोकांनी मदतीचा हात दिला. त्या उपकारांच्या स्मरणार्थ १९३९ मध्ये भारतीय व्यापाऱ्यांनी हा जलस्तंभ शहराला अर्पण केला. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट अनुभवलेल्या लातूर-धाराशिवकरांना या स्मारकाचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांतही मदतीचे हात असेच दूरदूरून आले होते.

त्याच भूकंपाची दुसरी बाजू काळीकुट्ट आहे. कोरियन लोक विहिरींत विष कालवीत असल्याची अफवा पसरली आणि जमावांनी, काही ठिकाणी सैनिक व पोलिसांनीही, जपानमध्ये राहणाऱ्या कोरियन मजुरांची कत्तल केली. कोरिया तेव्हा जपानच्या अंमलाखाली होता. मृतांचा आकडा आजही वादग्रस्त असून अनेक अभ्यासक तो हजारांत मांडतात. योकोहामाच्याच कुबोयामा स्मशानभूमीत त्यांचे स्मारक आहे. लहानपणी तो प्रकार डोळ्यांनी पाहिलेल्या एका जपानी नागरिकाने ते १९७४ साली उभारले. एकाच शहरात, एकाच भूकंपाची ही दोन स्मारके आहेत: एका परक्यांना मिळालेल्या आसऱ्याचे आणि दुसऱ्या परक्यांवर झालेल्या अत्याचाराचे. दोन्ही पाहिल्याखेरीज योकोहामा पुरते पाहिले असे म्हणता येणार नाही.

हिरोशिमाजवळच्या कुरे बंदरात १९४६ मध्ये राष्ट्रकुलाच्या सैन्यासोबत भारतीय तुकड्या उतरल्या. त्यांत मराठा लाईट इन्फंट्रीची पहिली पलटण होती. युद्धोत्तर जपानमध्ये मराठी सैनिकांनी काही काळ पहारा दिला.

कोरियाच्या बुसान बंदरात नोव्हेंबर १९५० मध्ये भारताचे ६० वे पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स पथक उतरले. शहराच्या दक्षिण टोकाला, ताएजोंगदेच्या कड्याजवळ, वैद्यकीय मदत करणाऱ्या देशांचे स्मारक आहे व त्यात भारताचा समावेश आहे. १९५३ मध्ये युद्ध थांबल्यावर मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांचा प्रश्न उभा राहिला. त्यांना सांभाळण्याची जबाबदारी भारतावर आली. त्या फौजेचे नेतृत्व केले ते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात यांनी. भारतीय सैनिकांनी दक्षिण कोरियाच्या भूमीवर पाऊल ठेवू नये, असा तेथील अध्यक्षांचा हट्ट होता. त्यामुळे इंचॉन बंदरात आलेल्या जवानांना हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात नेण्यात आले. त्यांच्या छावणीचे नाव होते 'हिंदनगर'. काम आटोपून फेब्रुवारी १९५४ मध्ये फौज परत निघाली, तेव्हा तिच्यासोबत ७६ कोरियन व १२ चिनी कैदीही भारतात आले. दोन्ही बाजूंना नको असलेल्या त्या माणसांना काही काळ आपला देश घर वाटला.

प्रवासाची आखणी

मुंबईतील ही ठिकाणे दोन दिवसांत आरामात पाहून होतात. नांदेडहून तपोवन व देवगिरी एक्स्प्रेस, तर लातूरहून लातूर एक्स्प्रेस सोयीची. पहिला दिवस पश्चिम रेल्वेच्या बाजूला द्यावा. सकाळी लवकर बोरिवलीला उतरून कान्हेरी गाठावे. उद्यानाच्या प्रवेशद्वारापासून लेणी काही किलोमीटर आत आहेत; उद्यान सोमवारी बंद असते. लेण्यांसाठी किमान तीन-चार तास, पाणी आणि चांगली पादत्राणे हवीत. दुपारनंतर नालासोपाऱ्याचा स्तूप पाहता येतो.

दुसऱ्या दिवशी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अशोकाचा शिलालेख पाहून हार्बर मार्गाने कॉटन ग्रीन व शिवडीला जावे. भायखळामार्गे संध्याकाळी वरळीला पोहोचल्यास मंदिरातील प्रार्थना ऐकावयास मिळते. एशियाटिक सोसायटीतील सोपाऱ्याच्या वस्तू पाहण्यासाठी आधी विचारणा करून ठेवावी. गोदीच्या आतील भागात सामान्य नागरिकांना प्रवेश नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम; पावसाळ्यात कान्हेरीचे सौंदर्य खुलते, परंतु पायऱ्या निसरड्या होतात.

जाण्यापूर्वी शक्य झाल्यास कंधारचा किल्ला आणि तेरचे रामलिंगअप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय पाहून घ्यावे. वाटेचे एक टोक माहीत असले, म्हणजे दुसऱ्या टोकाला काय पाहायचे ते कळते.

फेरीचा शेवट शिवडीलाही करता येईल. १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झालेला अटल सेतू येथूनच समुद्रात शिरतो. त्यासाठी जपानने दीर्घ मुदतीचे कर्ज दिले. एका टप्प्याच्या बांधकामात जपानची आयएचआय, तर दुसऱ्यात कोरियाची देवू ही कंपनी टाटा प्रोजेक्ट्सच्या जोडीने होती. जमशेटजींची जहाजे बंद पडून सव्वाशे वर्षे उलटल्यावर हे तिन्ही धागे त्याच किनाऱ्यावर पुन्हा एकत्र आले. पुलावरून भरधाव जाणाऱ्यांना डावी-उजवीकडची जुनी गोदामे क्वचितच दिसतात. कापसाच्या त्या गाठींतून मराठवाड्याच्या शेतकऱ्याचे श्रम पूर्वेच्या समुद्रापार गेले, याची नोंद तेथे कोणत्याही फलकावर नाही. ती ज्याची त्यानेच मनाशी करून घ्यायची आहे.